कचरूच्या नावावर तातेरावचा दम

लोखंड लाटणाऱ्या रोलच्या अलीकडे तातेराव हिवाळे आणि पलीकडे कचरू मुळे, अशी एकोणीस वर्षं दोघं समोरासमोर उभे राहिले. भट्टीतून लालभडक होऊन आलेलं लोखंड तातेराव सांडशीत धरून रोलच्या तोंडात द्यायचा. पलीकडून ते लांब होऊन सळसळत निघालं की कचरू त्याचं टोक पकडायचा आणि माघारी फिरवायचा. पुन्हा तातेराव, पुन्हा कचरू. दहा-बारा फेऱ्यांत मनगटाहून जाड लोखंडाची बोटाएवढी सळई व्हायची. एवढ्या वेळात दोघांत एक शब्द नाही, कारण त्या धडधडाटात स्वतःचा शब्द स्वतःला ऐकू येत नाही. सगळा कारभार डोळ्यांचा आणि खांद्याचा. कचरूचा डावा खांदा जरा पडला की सळई आज वाकडी येणार, हे तातेरावला तिच्याआधी कळायचं.

म्हणून त्यांच्या कंपनीत जोडी मोडायला सगळे भ्यायचे. वसंता काळेची मोडली होती. त्याच्या समोरचा म्हातारा घरी बसला, नवा माणूस उभा केला, आणि चौथ्या दिवशी सुटलेली सळई वसंताच्या पोटरीला विळखा घालून गेली. ती पोटरी वसंता अजून पँट वर करून दाखवतो, नवी बाइक दाखवावी तशी. “पाहून घ्या,” म्हणतो, “नवा गडी म्हंजी हे.”

तातेराव मूळचा केदारखेड्याचा. उंच, रुंद छातीचा. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बिगुल तोच वाजवायचा, आणि एका दमात इतका लांब ओढायचा की पोरं मोजायला लागायची. तब्येतीबद्दल त्याचं एकच मत होतं. “दोन भाकरी मुरल्या, पाठ टेकली की घोरलो, सकाळी गाडीला किक बसली. झाली तब्येत.” त्याची मुलगी पायल नर्सिंगला दुसऱ्या वर्षाला होती. ती म्हणायची, “पप्पा, तेवढंच नसतं. मन कसं आहे, झोप कशी आहे, काम कसलं आहे, आजूबाजूला माणसं कशी आहेत, हे सगळं मिळून तब्येत असती.” त्यावर तातेराव म्हणायचा, “तुमच्या पुस्तकवाल्यांना पानं भरायची असतेत, बाई.” आणि तिसरी भाकरी मागायचा.

तीन वर्षांमागं कंपनीच्या आवारात छातीच्या तपासणीची गाडी पहिल्यांदा आली. पांढरी गाडी, आत कॉम्प्युटर, फुंकायची नळी आणि तोंडाला मास्क लावलेली एक मुलगी. राधेश्याम सुपरवायझरला जालन्यात येऊन वीस वर्षं झाली होती, तरी त्याची मराठी अर्ध्या रस्त्यात उतरून हिंदीची जीप पकडायची. तो रांगेच्या कडेनं हात हलवत फिरत होता. “चलो, सगळ्यांनी फुंकून घ्या, एक बी माणूस सुटला नाही पायजे. जिसका दम कम निकला, त्याला रोलच्या स्टँडवरून हटवणार. झाडू मारो, गोदाम में बैठो. ऊपर से ऑर्डर आहे, माझ्यावर तोंड नका करू.”

आतून त्या मुलीचा आवाज येत होता, एसटी मागं घेताना कंडक्टर ओरडतो तसा. “घ्या, घ्या, घ्या, श्वास घ्या. आता सोडा. सोडा, सोडा, सोडा, अजून, अजून, अजून. संपला? नाही संपला काका, अजून आहे, अजून.”

“हिच्या पुढं मी दम न्हाई, आतडं बी बाहेर काढीन,” वसंता म्हणाला आणि रांग हसली.

कचरू हसला नाही. तो पाण्याच्या टाकीमागं गेला होता. तातेराव त्याला बघायला गेला तर हा एक रिकामी प्लास्टिकची पिशवी तोंडाला लावून फुंकून बघत होता. पिशवी अर्धी फुगली आणि त्याला खोकला आला. डोळे पुसत तो म्हणाला, “तात्या, व्हईना.”

“बिडी कमी कर म्हनलो होतो.”

“दोन वर्सं झाले सोडून. बिडीचं न्हाई हे.” त्यानं पिशवी घडी करून खिशात ठेवली. “मला गोदामात टाकतील. मंग तुझ्यासमोर कोन येईल?”

हा प्रश्न तातेरावच्या पोटरीत गेला. त्यानं हात पुढं केला. “आन तुझं कार्ड.”

कार्डावरचा फोटो घामानं कधीच पुसला होता. डोक्यावर पिवळं हेल्मेट, नाकाखाली फडकं, दीडशे माणसांची रांग. त्या मुलीनं वर पाहायचं तरी किती वेळा. यादीत क आधी आणि त नंतर, म्हणून कचरूचा नंबर अगोदर आला. तातेरावनं कचरू म्हणून नळीला ओठ लावले. उंची विचारली तेव्हा सवयीनं स्वतःचीच सांगितली, पाच फूट नऊ इंच. मुलीनं लिहून घेतली. पडद्यावरची रेघ डोंगरासारखी वर गेली आणि ती म्हणाली, “वा काका, मस्त आहे तुमचा.”

अर्ध्या तासानं हेल्मेट बदलून तो पुन्हा आत गेला आणि तातेराव म्हणून फुंकला. त्या वेळी आकडा खाली आला. येणारच, त्याला वाटलं, पहिली उचल कचरूला दिली ना. स्वतःचा कागद त्यानं घडी करून डब्याखाली ठेवला, आणि डबा धुताना तो भिजून गेला.

पुढच्या वर्षी गाडी आली तेव्हा वसंतानंही कार्ड पुढं केलं. “तात्या, तुझ्या छातीत भाडेकरू ठेवायला जागा हाये म्हनं.” त्याच्या मागं आणखी चौघं. तातेरावनं वसंतापुरतं केलं आणि बाकीच्यांना दुसरा दमदार माणूस शोधून दिला. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. कुणाचा ड्रेस कुणी घातला, कुणाची शिफ्ट कुणी मारली, त्यातलंच हे. जोडी टिकली, कुणी भाजलं नाही. तिसऱ्या वर्षी तर न सांगताच कचरूचं कार्ड त्याच्या खिशात आलं.

*

कंपनीत वर्षातून दोनदा भट्टी थंड करायचे आणि आतल्या जळक्या विटा फोडून काढायचे. कचरू जेमतेम सव्वापाच फुटांचा, म्हणून आत शिरायचं काम त्याचं. घण घालून तो विटा फोडायचा; तातेराव तोंडाशी बसून तुकडे बाहेर ओढायचा. चार तासांनी कचरू बाहेर आला की पापण्यासुद्धा पांढऱ्या. “आला नवरदेव पावडर लावून,” असं म्हणून सगळे जागा द्यायचे. ती पावडर कुठं कुठं जाते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. तोंडाला फडकं बांधलेलं असायचं, आणि फडक्यावर सगळ्यांचा विश्वास.

तिसऱ्या तपासणीनंतर पाच महिन्यांनी कचरूनं सांडशी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही. तातेरावसमोर बदली गडी उभा राहू लागला. कचरूला आधी जिना चढवेना, मग सपाटीवर चालवेना, मग आंघोळीची बादली उचलता येईना. एका दवाखान्यात फोटो काढला. पांढरे ठिपके दिसले. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. थुंकी तीनदा तपासली, तीनदा काही निघालं नाही. दोन महिन्यांत कचरू होता त्याच्या निम्मा झाला. शेवटी त्याच्या बायकोनं, कौसल्यावहिनीनं, त्याला सरकारी दवाखान्यात छातीच्या डॉक्टरांकडं भरती केलं आणि तातेरावला निरोप पाठवला: भावजी, तुम्ही बरोबर या, मला तिथलं बोलणं समजत नाही.

डॉक्टर अक्षता मॅडम तरुण होत्या, भरभर बोलायच्या आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘बरोबर?’ म्हणायच्या, समोरचा ‘हौ’ म्हणेपर्यंत पुढचं वाक्य संपलेलं असायचं. कौसल्यावहिनीनं पिशवीतून तीन कागद काढले. प्लास्टिकमध्ये घालून, कपाटात साडीच्या घडीत जपलेले. कंपनीचे रिपोर्ट. तिसऱ्या वर्षापर्यंत नवरा ठणठणीत होता याचा पुरावा.

मॅडमनी कागद टेबलावर पसरले. “तीन वर्षांमागं उत्तम, बरोबर? मागच्या वर्षी उत्तम. सात महिन्यांपूर्वी, हेही चांगलं, बरोबर? आज काकांना नळीत फुंकताच येत नाही, खोकला येतो. म्हणजे हा जुना आजार नाही. सहा-सात महिन्यांत काहीतरी एकदम वाढलंय. गाठबीठ असू शकते. गुरुवारी संभाजीनगरला पाठवू, तिथं फुफ्फुसाचा एक छोटा तुकडा काढून तपासतील.”

“तुकडा काढला म्हंजी, म्याडम,” कौसल्यावहिनी अडखळली, “मंग राह्यलेल्याचं काय?”

“राहिलेलं मजबूत आहे ना. म्हणून तर करता येतं.” आणि मॅडमनी तीन कागदांवर बोटानं टकटक केलं.

ती टकटक तातेरावला आपल्या बरगडीवर झाल्यासारखी वाटली. कौसल्यावहिनी त्याच्याकडं वळून म्हणाली, “सांगा ना भावजी, कसं काम करायचे ते. बैलासारखं.”

“हौ,” तातेराव म्हणाला. “चांगलं करायचे.”

एवढंच बोलला आणि बाहेर येऊन गाडीला किक मारायची विसरून तसाच बसून राहिला.

*

तो शुक्रवार होता. शनिवारी तातेरावनं एक भाकरी खाल्ली. रविवारी सकाळी विहारात वंदनेला सगळ्यांबरोबर बसला. पंचशील त्याला बोलता येऊ लागल्यापासून पाठ होतं. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, आणि त्याची जीभ टाळूला चिकटली. बाकीचे पाचव्यावर गेले, संपवून उठले, तरी हा चौथ्यावरच. बायको बेबीनंदा महिलांच्या रांगेतून बघत होती.

घरी आल्यावर तिनं ताट वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, “हं, बोला.”

“काय बोलू?”

“तीन दिवस झाले, अंथरुनावर उताने पडून पत्रे मोजून राह्यले. भाकर एक. आज शील घेताना तोंड बंद. दुसरी बाई असती तर मला चेहऱ्यावरून कळलं असतं. बाई न्हाई, मंग काय हाये?”

त्यानं सांगितलं. मान खाली घालून, भाजीत बोट फिरवत, टाकीमागच्या पिशवीपासून टेबलावरच्या टकटकीपर्यंत सगळं. बेबीनंदा ऐकत राहिली. मग म्हणाली, “मोठे आले दम वाटनारे. लोक रक्तदान करतेत, हे दमदान करून आले. मला कामून सांगितलं न्हाई?”

“तू वरडली असती.”

“मंग आता काय हार घालू?”

पायल दारात अभ्यासाची वही घेऊन उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. ती हळू म्हणाली, “पप्पा, ज्याचं फुफ्फुस आधीच संपत आलंय, त्याला भूल दिली, सुई घातली, तर आहे तेवढा दमही जाऊ शकतो. मशीनवर ठेवतात. मग मशीन सुटत न्हाई कधी कधी. तिथं परत तपासतील, पण काकांना फुंकताच येत न्हाई म्हटल्यावर ते जुनेच कागद बघतील ना.”

“गुरुवारी हाये,” तातेराव म्हणाला.

“मंग बुधवारपर्यंत जेवू नका,” बेबीनंदा म्हणाली आणि ताट उचललं. पण उचलून पुन्हा ठेवलं, आणि भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या हातात दिला. “खा. बोलायला तरी ताकद लागंल.”

*

आधी कचरूला सांगावं असं त्याला वाटलं. मंगळवारी शिफ्ट संपवून तो दवाखान्यात गेला. कौसल्यावहिनी खाली चहा आणायला गेली होती. कचरू उशा लावून बसला होता. त्याला आता आडवं होता येत नव्हतं. नाकाला नळी. प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खड्डा आत जात होता.

“मी म्याडमला सांगून राह्यलो,” तातेराव म्हणाला. “कागद तुझे न्हाईत म्हनून.”

कचरूनं मान हलवली. तुकड्या-तुकड्यानं बोलला. “डोकं फिरलं का. कंपनी म्हनंल, दोघं चोर. तुला काढतील. वसंताला काढतील. आनखी चौघं हायेत.”

“पन तुला कापायला नेऊन राह्यले.”

“नेऊ दे. गाठ असंल तर निघंल.”

“गाठ न्हाई रे. तुला बी माहीत हाये, मला बी. तीन वर्सांमागं तुझ्याच्यानं पिशवी फुगली न्हाई.”

कचरूनं श्वास गोळा केला. मग म्हणाला, “एकोनीस वर्सं इमानदारीनं काम केलं. मला चोर म्हनून मरायचं न्हाई, तात्या.”

“अन जगायचं?”

“जगायचं कोन म्हनलं.”

तातेराव खाटेच्या कडेला टेकला. त्याला आता जे म्हणायचं होतं ते त्यालाच नवीन होतं. गेल्या चार दिवसांत पत्रे मोजताना ते हळूहळू वर आलं होतं. “कचरू, मी तुझ्यासाठी फुंकलं असं तू समजतो. मी बी तसंच समजत होतो. पन तसं न्हाई. मला समोर नवा गडी नको होता. वसंताची पोटरी मला रोज दिसायची. तू गोदामात गेला असता तर त्याच वर्सी डॉक्टर लागला असता तुला. मी माझी कातडी वाचवली.”

कचरूनं डोळे मिटले. “सांगितलं तर माझ्या खाटंपाशी येऊ नको.”

कौसल्यावहिनी चहा घेऊन आली. तिनं झाकणात चहा ओतून तातेरावपुढं केला. त्यानं घेतला नाही.

*

बुधवारी त्यानं खाडा केला. एकोणीस वर्षांत कचरू आजारी नसताना केलेला हा पहिला, असं तो मनात म्हणाला आणि मग त्याला आठवलं की कचरू आजारी आहेच. मॅडमच्या खोलीबाहेर सव्वा तास उभा राहिला. आत गेल्यावर पाठ केलेलं सगळं विसरला आणि एकदम म्हणाला, “म्याडम, ते कागद माझे हायेत.”

“कुठले कागद?”

“कचरूच्या नावाचे. फुंकलं मी हाये. तिन्ही वर्सं.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. या वेळी ‘बरोबर’ आलं नाही. फाइल काढून त्यांनी तीन कागद पुन्हा पसरले. वरच्या ओळीवर बोट गेलं आणि तिथंच थांबलं. “उंची एकशे पंचाहत्तर,” त्या स्वतःशी बोलल्यासारख्या म्हणाल्या. मग त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तो माणूस आठ दिवस माझ्या वॉर्डात आहे. माझ्याएवढाच भरतो. आणि मी उंची वाचलीच नाही.”

“तुमची चूक न्हाई, म्याडम.”

“माझीही आहे. बसा.”

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली, हळूहळू. कचरूला पहिला खोकला कधी. कंपनीत काम काय. भट्टीच्या आत कोण जायचं. विटा कसल्या. धूळ कसल्या रंगाची. तातेराव सांगत गेला, पांढऱ्या पापण्यांचंही सांगितलं, ‘नवरदेव’ही सांगितलं. मॅडमनी छातीचा फोटो दिव्यावर लावला आणि एकेका ठिपक्यावर बोट ठेवत गेल्या.

“गाठ नाही ही,” त्या म्हणाल्या. “हा धुळीचा आजार दिसतोय. सिलिकोसिस. विटांची बारीक धूळ वर्षानुवर्षं आत जाऊन बसते. टीबीसारखीच दिसते फोटोत. उद्याचं थांबवते मी. या छातीला भूल दिली असती तर,” म्हणत त्यांनी उद्याची चिठ्ठी फाडली.

“बरा व्हईल?”

“गेलेलं फुफ्फुस परत येत नाही, काका. पण चुकीचं औषध बंद होईल, ऑक्सिजन मिळेल, जी वर्षं आहेत ती त्यांना नीट मिळतील. आणि हा कामानं लागलेला आजार आहे, त्याची कंपनीला जबाबदारी घ्यावी लागते. त्यासाठी खरा रिपोर्ट लागतो. तुमच्या त्या कागदांनी तर सिद्ध होत होतं की कंपनीत त्यांना काहीच झालं नाही.”

हे तातेरावच्या डोक्यात आलंच नव्हतं. ज्याला तो मदत म्हणत होता, त्या तीन कागदांनी कचरूचा आजार तर लपवलाच, त्याचा हक्कही लपवला होता.

तो उठायला लागला. मॅडम म्हणाल्या, “थांबा. हे तीन तुमचे, बरोबर?”

“हौ.”

त्यांनी कागद ओळीनं लावले आणि त्याच्याकडं फिरवले. “आकडे वाचता येतात?”

“येतात.” त्यानं वाचले. “चार पॉइंट एक लिटर. तीन पॉइंट आठ. तीन पॉइंट तीन.”

“दोन वर्षांत एवढा फरक वयानं पडत नाही. एकेकट्या कागदावर ‘चांगलं’ लिहिलंय, कारण सुरुवातच मोठी होती. तुम्ही तेव्हा दमला होतात का?”

“न्हाई. कचरूचं पहिलं असायचं. त्याच्यावर ताजा दम जायचा.”

“म्हणजे हाच खरा.” त्या उठल्या. “चला, आज स्वतःच्या नावावर फुंका.”

बाजूच्या खोलीत नळी होती. त्यानं ओठ घट्ट लावले. छातीत होतं नव्हतं ते सगळं गोळा केलं आणि सोडलं. सहाव्या सेकंदाला, पूर्वी जिथं निम्मंही संपायचं नाही, तिथं आत काही उरलं नाही आणि खोल कुठंतरी खरखर झाली. तीनदा फुंकलं. चांगल्यात चांगला आकडा दोन पॉइंट नऊ आला.

“तुम्ही भट्टीच्या तोंडाशी बसायचात,” मॅडम म्हणाल्या. “तुमचाही फोटो काढू. सुरुवात असेल. त्या धुळीतून आणि त्या स्टँडवरून आता बाहेर पडा, म्हणजे हे इथंच राहील असं बघता येईल.”

तातेरावनं तो आकडा पुन्हा वाचला. भाकरी मुरत होती, गाडीला किक बसत होती. आणि तरी तीन वर्षं त्याचं दुखणं कौसल्यावहिनीच्या साडीच्या घडीत, दुसऱ्याच्या नावानं, नीट जपून ठेवलेलं होतं.

*

गुरुवारी तो सांडशी न घेता राधेश्यामच्या टेबलापुढं जाऊन उभा राहिला आणि सगळं बोलला. दवाखान्याचा कागद पुढं ठेवला. राधेश्याम आधी कागदाकडं बघत राहिला, मग दाराकडं, मग तातेरावकडं. “अरे बाबा, तू माझी नोकरी खाणार,” तो म्हणाला. मग आवाज उतरला. “साल में दोन बार मी बी त्या भट्टीच्या तोंडाशी उभा राहतो, तातेराव. मेरा दम कभी किसीने देखा क्या?”

“तुमचं तुम्ही फुंका, साहेब,” तातेराव म्हणाला. “आज फुंका.”

पंधरा दिवसांत गाडी पुन्हा आली. या वेळी आधार कार्ड बघत होते, हेल्मेट काढायला लावत होते. सहा जणांचा दम कमी निघाला. वसंता त्यांत होता. चोर म्हणून काढलं कुणालाच नाही. वसंताला गोदामात टाकलं. तातेराव गेटवरच्या वजनकाट्यावर बसायला लागला. वसंता त्याच्यासमोरून जाताना मान वळवायचा. एकदा थांबला आणि म्हणाला, “पोटरी जळाली तवा निदान दिसत तरी होती. हे आतलं तू दाखवून दिलं. आता झोप येत न्हाई.” शिवी दिली की आभार मानले, ते तातेरावला कळलं नाही. त्यानं बाकावर सरकून जागा केली. वसंता बसला नाही. पण लगेच गेलाही नाही.

कचरूच्या खाटेपाशी तातेराव त्या मंगळवारनंतर नऊ दिवस गेला नाही. येऊ नको म्हटलं होतं. खालपर्यंत जायचा, कौसल्यावहिनीला डबा द्यायचा आणि वळायचा. ती डबा घ्यायची, पण पहिले काही दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्या तीन कागदांवर तिनं हळदीकुंकू वाहिलं होतं दिवाळीत. पाचव्या दिवशी एवढंच म्हणाली, “मला तर सांगायचं होतं, भावजी. मी कोनाला सांगत होते.”

दहाव्या दिवशी ती खाली आली ती रिकाम्या हातानं. “वर बोलावलं,” म्हणाली.

कचरूच्या नाकाला नळी होती, पण तो मागं टेकून बसला होता आणि बोलताना मधी थांबायला लागलं तरी वाक्य पुरं करत होता. तातेराव दारातच उभा राहिला. कचरू त्याच्याकडं न बघता म्हणाला, “रोलवर कोन हाये आता?”

“दोघं नवे हायेत. हळू चालवतेत. जाळी बसवली समोर.”

“एकोनीस वर्सं न्हाई बसवली.”

“न्हाई.”

 मग कचरू म्हणाला, “तुझा किती आला?”

“दोन पॉइंट नऊ.”

“माझा काल घेतला म्याडमनं. तीनदा खोकलो, चौथ्यांदा आला.” तो थांबला, श्वास घेतला. “पॉइंट नऊ.”

दोघांनी ते आकडे मनात एकमेकांशेजारी ठेवून पाहिले. कौसल्यावहिनी खिडकीशी उभी राहून पदराची कड बोटाला गुंडाळत होती.

“पॉइंट नऊ म्हंजी एक बी न्हाई,” कचरू म्हणाला.

“न्हाई.”

“पन माझा हाये.”

“हौ. तुझाच हाये.”

कचरूनं पाय गोळा केले, सावकाश, एक झाला की थांबून दुसरा, आणि खाटेच्या कडेला जागा झाली. तातेराव बसला. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण दोघांनाही आता दम राखून बोलायचं होतं, म्हणून ते नुसते बसून राहिले.